टिटवीच्या तारांतला आवाज

मी एक जुनं विमान आहे. माझं नाव टिटवी. गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी मला कळलं, की माझ्या तारांत जो एक आवाज होता, तो आता कुठेच उरलेला नाही. मला कळलं म्हणजे राजेंद्र सकपाळांना कळलं. मी त्यांच्याच संगणकात राहतो, त्यामुळे त्यांना जे कळतं ते मलाही कळतं. त्यांनी संगणकातले सगळे कप्पे उघडून पाहिले. कपाटातले पेनड्राइव्ह एकेक करून लावले. जुना फोन चार्ज करायचा प्रयत्न केला, तो फुगून बंद पडलेला होता. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मुंबईला मुलीला फोन लावला.

"शमे, नाही गं तो. मीच पुसून टाकलाय."

पलीकडून शमिका म्हणाली, "बाबा, जेवलात काय तुम्ही?"

मित्रांनो, हे पुढे नीट झालं. नीट झालं म्हणूनच सांगायला बसलो आहे, नाहीतर बसलो नसतो.

तुम्ही मला हात लावू शकणार नाही. मी लाकडाचा नाही आणि पत्र्याचाही नाही. संगणकावर विमान चालवण्याचा एक खेळ असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्या खेळात हौशी माणसं आपापली विमानं बनवून जोडतात. अशा जोडलेल्या विमानाला अ‍ॅड-ऑन म्हणतात. मी तसा एक अ‍ॅड-ऑन आहे. माझे पंख दुमजली आहेत, एकावर एक. शंभर वर्षांपूर्वी शिकाऊ वैमानिकांसाठी अशी विमानं बनत. आतून लाकडाचा सांगाडा, वरून ताणलेलं कापड, आणि वरचा पंख खालच्या पंखाला बांधून ठेवणाऱ्या तारा. त्यामुळे बाकीच्यांसारखा मी नव्याचा जुना झालो नाही. मी जन्मलो तोच जुना.

राजेंद्र बांधकाम खात्यात आरेखक होते. तेहतीस वर्षं त्यांनी रस्ते, रस्त्याखालच्या मोऱ्या आणि ओढ्यांवरचे साकव कागदावर काढले. निवृत्त झाल्यावर हात रिकामा राहीना, म्हणून त्यांनी मला काढायला घेतलं. त्यांचं घर रत्नागिरीजवळ सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. तिथे झाडं कमी आणि समुद्रावरून येणारा वारा फार.

पहिल्या दिवशी मी उडालो नाही. धावपट्टीवर थोडा पळालो आणि नाकावर उलटा झालो. वजन पुढे जास्त पडलं होतं. तेव्हा मागे चहा घेऊन रसिकाबाई उभ्या होत्या. रसिकाबाई म्हणजे राजेंद्रांच्या पत्नी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं.

"विमान केलंत की नांगर?" बाई म्हणाल्या.

"जरा वजनाचा हिशेब चुकलाय."

"आणि हे पंख आहेत की पत्रे? कापड असं नसतं. दोन काठ्यांवर कापड टाकलं की मधे झोळ पडतो. रोज बघता ना तारेवर?"

राजेंद्र खरंच रोज बघत होते, पण त्यांना ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली पांढरी सुती साडी धुऊन अंगणातल्या तारेवर पसरली. ही साडी त्या बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या. राजेंद्रांनी तिचे फोटो काढले आणि तेच कापड माझ्या पंखांवर चढवलं. आज कोणी माझ्या पंखाजवळ जाऊन पाहिलं, तर खालच्या डाव्या पंखावर साडीची बारीक किनार दिसते. ती राजेंद्रांनी मुद्दाम ठेवली आहे.

माझं नावही बाईंनीच ठेवलं. टिटवी हा सड्यावरचा पक्षी. शेजारची येसूबाई म्हणाली, "गो बाई, टिटवी कशाला? ती वरडली की वायट होतं म्हणतात." बाई म्हणाल्या, "ती आपली अंडी राखायला ओरडते, येसूबाई. तुम्ही नाय ओरडत कोंबड्यांच्या मागनं?"

मग राहिला आवाज. माझ्या इंजिनाचा आवाज परदेशातल्या एका हौशी माणसाने पाठवला. पण तारांचा आवाज कोणाकडे नव्हता. अशा विमानाचं इंजिन बंद केलं की तारा वाऱ्यात गातात. जुने वैमानिक त्या सुरावरून विमानाचा वेग ओळखत. राजेंद्रांनी आठ दिवस शोधलं आणि नवव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की तोच सूर रोज आपल्या अंगणात ऐकू येतो. कपडे वाळत घालायची तार!

ते धावत बाहेर गेले. बाईंच्या टोपलीतले दोन चिमटे घेतले आणि त्या चिमट्यांनी आपला फोन खांबाजवळ तारेला अडकवला. वारा छान होता. तार गायला लागली. तेवढ्यात मागून बाई ओली चादर घेऊन आल्या, आणि टोपलीत चिमटे कमी.

"अवो, माझे चिमटे कुठं नेलेत? द्या हिकडं!"

राजेंद्रांनी तोंडावर बोट ठेवलं. बाईंना काही कळेना. चादर हातातून सुटली आणि उडून करवंदीच्या जाळीवर जाऊन बसली. नंतर वारा पडला आणि पुढे चार दिवस तसा वारा आला नाही. राजेंद्र म्हणाले, असू दे, वाऱ्याच्या आवाजात बाईंचं बोलणं कोणाला कळणार आहे. तेच रेकॉर्डिंग त्यांनी माझ्या तारांत घातलं.

पण ते सगळ्यांना कळलं. माझी पहिली आवृत्ती बाहेर पडली आणि महिन्याभरात पत्रं यायला लागली. जर्मनी, ब्राझील, नाशिक, कुठून कुठून. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. माझे पंख खरे वाटतात म्हणाले. आणि शेवटी प्रत्येकाने एकच विचारलं. इंजिन बंद करून उतरायला लागलं की एक बाई काहीतरी म्हणते, ती कोण? एकाला वाटलं, ती विमानतळावरून परवानगी देते. एकाला ते भूत वाटलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तर उतरण्यापूर्वी करायच्या कामांच्या यादीत 'चिमटे' असं लिहून ठेवलं होतं, चाकांच्या खाली आणि पट्ट्याच्या वर. वेगावर सूर बदलायचा, त्यामुळे मी नाक खाली करून झेप घेतली की बाईंचा आवाज बारीक आणि जलद व्हायचा, फार चिडल्यासारखा. बाई ते ऐकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

राजेंद्रांना मात्र ती चूक वाटत होती. ते मला सारखे सुधारत होते. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी माझं शेपूट नीट केलं. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी आवाज साफ करायला घेतला.

"ऱ्हाऊ द्या ना," बाई म्हणाल्या. "कुणाला त्रास होतोय?"

"चूक ती चूक. ती ठेवून कसं चालेल?"

"मग रोज भाजीत मीठ विसरता ते पण सुधारा."

त्यांनी मीठ सुधारलं नाही. आवाज सुधारला. चार दिवस बसून त्यांनी वाऱ्यातून बाईंना बाजूला काढलं, इतकं नीट, की कुठे सांधा लागत नाही.

इथे तुम्हाला त्यांची एक सवय सांगायला हवी. कचेरीत नवा नकाशा निघाला की जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा आणि त्याच्या प्रती गोळा करून फाडायच्या, असा नियम होता. जुना नकाशा कोणाच्या हाती राहिला, तर काम चुकीचं होतं. ही सवय त्यांच्या हाडात गेलेली. म्हणून तिसरी आवृत्ती निघाल्यावर त्यांनी पहिल्या दोन आवृत्त्या सगळीकडून काढून टाकल्या. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. पुढे नवा संगणक घेतला, तेव्हा जुना धुऊनपुसून कोरा केला आणि बाईंच्या शाळेला दिला. सगळं काम त्यांनी चोख केलं.

गेल्या वर्षी जुलैत बाईंना ताप आला आणि सहाव्या दिवशी त्या गेल्या.

त्यानंतर पाच महिने कोणी मला उघडलं नाही. मी नुसता पडून होतो. घरात फोटो पुष्कळ होते, पण फोटो बोलत नाहीत. व्हिडिओ काढायच्या त्या बाईच, त्यामुळे त्यात इतर सगळे होते. फोनवर त्या बोलून निरोप पाठवत नसत, शुद्धलेखन सांभाळून लिहीत. शाळेच्या एका समारंभाच्या चित्रीकरणात त्या भाषण करतात, पण तिथे माइक शिट्टी मारतो. डिसेंबरात शमिकाने विचारलं, "बाबा, तो चिमट्याचा आवाज तरी असेल ना?" आणि राजेंद्र शोधायला बसले. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच. त्या दिवसापासून ते अंगणात कपडे वाळत घालेनात. घरातच दोरी बांधली.

जानेवारीत एक तक्रार आली. दाभोळच्या मुश्ताक परकारांची. ते मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतात. तक्रार मराठीत होती.

'सकपाळसाहेब, सहा महिन्यांनी घरी आलो आणि नव्या लॅपटॉपवर टिटवीची तिसरी आवृत्ती घेतली. तिच्यात आमची बाई नाही. बाई गेली कुठे? कृपया परत आणा.'

राजेंद्रांनी ते चारदा वाचलं. मग खाली दिलेल्या नंबरावर फोन लावला.

"परकार, मी सकपाळ बोलतोय. ती माझी बायको होती. ती वारली. आवाज मीच काढून टाकला होता, ती असतानाच. आता तो माझ्याकडेही नाही."

"माफ करा साहेब. मला ठाऊक नव्हतं. मी आपला मस्करीत लिहून गेलो."

"तुम्ही कशाला माफी मागता?"

"साहेब, एक सांगू? जहाजावर न्यायचो तो माझा जुना लॅपटॉप घरी आहे. समुद्रात कुठलं आलंय नेट, त्यामुळे त्याच्यावर पहिलीच आवृत्ती ऱ्हायली. बाई त्याच्यात आहेत."

राजेंद्र खुर्चीवर बसले. आधी उभे होते हे त्यांच्याही लक्षात नव्हतं.

"मला पाठवाल?"

"पाठवत नाही. म्हातारा लॅपटॉप आहे, उघडझाप करतो, मधेच काही बिघडलं तर? हातानं घेऊन येतो. काही करू नका त्याचं, मी पण करत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी परकार आले. मोटारसायकलवरून, वाटेत दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून. लॅपटॉप त्यांनी दोन टॉवेलांत गुंडाळून पोटाशी बांधला होता. "मासे आणणार होतो, पण वास लागला असता त्याला," असं म्हणून ते हसले. राजेंद्रांनी चहा केला. साखर विसरले. परकारांनी तो तसाच प्यायला.

मग लॅपटॉप उघडला आणि मी मलाच भेटलो. माझी पहिली आवृत्ती. शेपूट वाकडं, चाकं जरा जमिनीत बुडालेली. परकारांनी मला समुद्रावर दोन हजार फूट नेलं.

"जहाजावर साहेब, मराठी बोलायला माणूस नाही," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी मी ही घेऊन बसायचो. उतरायला लागलं की बाई ओरडायच्या. घरी गेल्यासारखं वाटायचं. आमची पण अशीच ओरडते."

त्यांनी इंजिन बंद केलं. पंखा थांबला. तारा गायला लागल्या. राजेंद्र हात मांडीवर ठेवून बसले होते.

"अवो, माझे चिमटे कुठं नेलेत? द्या हिकडं!"

"देतो," राजेंद्र म्हणाले. "देतो, देतो."

परकारांनी मला वर नेऊन पुन्हा खाली आणलं. असं सात वेळा. मग राजेंद्रांनी फोनवर शमिकाला ऐकवलं. "आई किती ओरडतेय बाबांना," असं म्हणून ती हसायला लागली आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. त्याच दुपारी दोघांनी मिळून तो आवाज पाच ठिकाणी उतरवून ठेवला. एक प्रत शमिकाकडे गेली, एक परकारांनी परत नेली. परकार गेल्यावर राजेंद्रांनी घरातली दोरी सोडली आणि ओले कपडे अंगणातल्या तारेवर नेऊन घातले. मला खिडकीतून सूर ऐकू आला. किती बरं वाटलं, ते मला लिहिता येत नाही.

मित्रांनो, तुम्हीही काही ना काही बनवाल. ते सुधारा. माझं शेपूट सुधारलं ते बरंच झालं. पण आधीच्यावर घाईने रद्द मारू नका. एक प्रत बाजूला ठेवा, चुकांसकट. कोणाचा आवाज कुठल्या चुकीत राहिला आहे, हे त्या वेळी समजत नाही.

माझी चौथी आवृत्ती आता होत आली आहे. शेपूट सरळ आहे, चाकं जमिनीच्या वर आहेत आणि तारांत बाई आहेत. फक्त मला कसं चालवायचं, ही राजेंद्रांनी लिहिलेली मराठी पुस्तिका अडली आहे. बाई ती लाल पेनाने तपासत होत्या. त्यांची अकरा पानं झाली होती. बारावं पान विमान उतरवण्याचं आहे. ते तपासायचं राहिलं आहे.