लोणच्यावरचा दर्यावर्दी दगड

मी एक जुना दगड आहे. नारळापेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत आणि स्वभावाने जरा गर्विष्ठ. ब्राह्मणपुरी गावच्या रंजनाबाईंच्या घरी मी कैरीच्या लोणच्यावर बसतो. मोठ्या तोंडाच्या बरणीत लाकडी चकती आणि चकतीवर मी, म्हणजे फोडी खारात बुडून राहतात. हसू नका मित्रांनो, मी अटलांटिक महासागर ओलांडला आहे!

माझा जन्म आयर्लंडमधल्या एका नदीकाठचा. दोनशे वर्षांपूर्वी मला एका शिडाच्या जहाजात टाकले. तळ हलका असला की जहाज कलंडते, म्हणून तळात दगड भरत. वर फळ्यांवर माणसे दाटीवाटीने झोपत. आपापले पीठ, आपापली भांडी घेऊन ती अमेरिकेत पोट भरायला निघाली होती. वादळ आले की वरचे झाकण लावून दिवे विझवत. मग काळोखात रडारड, उलट्या आणि देवाचा धावा. तेव्हा नोरा नावाची एक लहान मुलगी फळीच्या फटीतून हात घालून मला धरून ठेवायची. मी तिच्या गावच्या नदीचा होतो ना!

किनारा आला तेव्हा तिने मला बरोबर नेण्याचा हट्ट धरला. पण आईच्या कडेवर बाळ, डोक्यावर बोचके. दगड जड आहे म्हणून आईने तिला ओढून नेले. एवढा समुद्र ओलांडूनही मी तिच्या नव्या घरी पोचलो नाही. मला फार वाईट वाटले.

पुढे जहाजे बदलत मी सुरतेला आलो. या घरातले एक पूर्वज तिथे बैलगाडीने कापूस घेऊन आले होते. परतताना रिकामी गाडी फार उडते, म्हणून त्यांनी आम्हा काही दगडांना गाडीत घातले. पुन्हा तेच काम! इथे मात्र माझे कौतुक झाले. माझ्याखालचे लोणचे टिकते, असे सगळे म्हणत. मध्ये विकतचे लोणचे आले आणि मी गोठ्यात शेणात पडलो. रंजनाबाई सून होऊन आल्या, त्यांनी मला घासूनपुसून परत जागेवर बसवले. ते उपकार मी विसरणार नाही.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी प्रतिभा शिकायला कॅनडाला निघाली. वडिलांनी, हेमकांतभाऊंनी, कापूस तोलायच्या काट्याला तिची बॅग टांगली.

"वजन जास्ती व्हई गयं," ते म्हणाले.

रंजनाबाईंनी बॅगेतली माझ्याखालच्या लोणच्याची बाटली बाहेर काढली. "ऱ्हाऊ दे बेटा. जड शे ते. तठे कॅनडामा भेटी जाई."

झाले! माझे लोणचे म्हणजे मीच, आणि पुन्हा मीच जड.

प्रतिभाने आईच्या हातातली बाटली घेतली. "तठे तुन्हा हातनं भेटाव नही. मी बूट काढस."

नवेकोरे बूट खाटेखाली गेले. बाटली बॅगेत बसली. रंजनाबाई पदराने डोळे पुसत हसल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरातून कोणी लांब जाईल. त्याच्या सामानात घरची एक वस्तू मावेल एवढी जागा नक्की करा. आणि घरी राहिलेल्या जुन्या दगडधोंड्यांनाही अधूनमधून पुसत जा.

प्रतिभाच्या बाटलीपुरती बरणी रिकामी झाली. तेवढी चकती खाली गेली, आणि तिच्यासोबत मीही. बाकी मी मजेत आहे. या खेपेला लोणच्याच्या रूपाने मी समुद्रापलीकडच्या नव्या घरी पोचलो.