घरातच थांबावे

"थोडं डावीकडे. अजून. हां, इथे करा सही, सी खमैस."

*

ब्रशच्या कारखान्यात अंध बायका बोटांनी केस मोजतात. मोंजिया गप्पा मारता मारता मोजते आणि चुकत नाही.

*

नगरपालिकेच्या टेलिफोनवर एकतीस वर्षं एकच आवाज. रस्त्यात कुणी त्याला ओळखत नाही. 'हॅलो' म्हणाला की सगळं गाव ओळखतं, आणि मानाने 'सी खमैस' म्हणतं.

*

पुराचा आराखडा छापून आला तेव्हा कागद फार छान आहे, असं सगळे म्हणाले. खमैसनेही हात फिरवून पाहिला. गुळगुळीत होता. मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे, असं त्याला सांगण्यात आलं. फोटोत तो हसतोय, असंही.

*

खमैस जन्मापासून आंधळा. त्याची बायको मोंजिया, तिचे डोळे सहाव्या वर्षी गोवरात गेले. घर खालच्या वस्तीत, ओढ्याला लागून. दर तीन-चार वर्षांनी ओढा घरांत शिरायचा. मग पुरात कुणी काय करायचं याचा आराखडा करायचं ठरलं, आणि वरून आदेश आला की समितीत एक अंध माणूस हवा. अंध माणूस नगरपालिकेतच होता, टेलिफोनवर. शोधावा लागला नाही.

पहिल्या बैठकीत तो म्हणाला, "भोंगा वाजवू नका. भोंग्यात आम्हाला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की आम्ही खरे आंधळे. त्यापेक्षा चढावर भिंतीला लोखंडी कठडा लावा. आमचे आम्ही येऊ वर."

"वा!" सचिव अब्दर्रऊफ म्हणाले. "लिहून घ्या रे कुणीतरी. सी खमैस, चहा घ्या, पुदिना घातलाय."

चहा चांगला होता. पुढच्या तीन बैठकांत भिंतीवर नकाशे दाखवले. "हा लाल भाग." "हे असे निळे बाण." खमैस आवाजाकडे तोंड करून बसे.

"काय ठरलं?" मोंजियाने घरी विचारलं.

"बाण ठरले."

"आपल्यासाठी?"

"निळे."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "हिरवे सांग त्यांना. निळा मला खुलत नाही."

*

ऑक्टोबरातला मंगळवार. डोंगरात ढगफुटी झाली होती आणि सकाळपासून फोन थांबत नव्हता. शेजारच्या टेबलावरची कारकून सलवा आराखडा उघडून बसली होती. कुणी काही विचारलं की ती पान काढून वाची आणि खमैस तेच फोनवर सांगे. शाळेने काय करायचं. बकऱ्या कुठे न्यायच्या. शांत आवाजात, प्रत्येक वाक्य दोनदा.

साडेअकराला मोंजियाचा फोन आला.

"अरे, ओढ्याचा आवाज बदललाय. मघापर्यंत खळखळत होता, आता घुमतोय. मी शेजारी लतीफाच्या गच्चीवर जाते."

'जा' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. पण सकाळपासून शंभरेक माणसांना त्याने पुस्तकातलंच सांगितलं होतं.

"थांब जरा. सलवा, आंधळ्यांचं काय लिहिलंय बघ."

पानं उलटली. "कलम नऊ. 'अंध व्यक्तींनी घरातच थांबावे. बचाव पथक त्यांना नेण्यास येईल.'"

"आणि कठडा?"

"कठडा कुठेच नाही, काका."

"हे ठरवलं कुणी?"

"समितीने. तुम्हीच होतात की!"

होता खरा. चार बैठका. काहीतरी विचार करूनच लिहिलं असणार. आपल्याला न दिसलेलं काहीतरी त्यांना दिसलं असणार. ही सवय फार जुनी होती, लहानपणापासूनची.

"मोंजिया, घरातच थांब. माणसं येतायत."

"कुठली माणसं?"

"पथक."

"त्यांना घर माहितेय आपलं?"

"आराखड्यात आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग चहा टाकते. किती जण आहेत?"

"ते नाही लिहिलेलं."

दुसरी लाइन वाजत होती. त्याने ती घेतली.

*

पथकाकडे एकच गाडी होती. ती शाळेकडे गेली.

मोंजिया दोन दिवसांनी, गाळ उपसताना, स्वयंपाकघरात सापडली.

*

चौकशी डिसेंबरात, नगरपालिकेतच झाली. राजधानीहून आलेल्या अधिकाऱ्याचा आवाज तरुण होता, सर्दी झालेला.

"बायकोला घरात थांबायला कुणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"कलम नऊ."

"कलम नऊ असलेल्या आराखड्यावर समितीच्या सह्या आहेत. ही तुमचीच ना?"

"इथे करा म्हणाले, तिथे केली. वाचून नाही दाखवलं कुणी."

"तुम्ही म्हणालात का, वाचून दाखवा?"

खमैसने खूप वेळ आठवून पाहिलं. "नाही."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. तेवढं मात्र त्याने वाचून दाखवलं. मग बाहेर नेण्यासाठी खमैसचा दंड धरला. दार कुठे आहे ते खमैसला एकतीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्याने दंड सोडवून घेतला नाही.

*

लग्न होऊन या गावात आल्यावर तिसऱ्याच दिवशी मोंजिया एकटी बाजारात गेली होती, आणि मासेवाल्याशी भांडून, पाव किलो तारली जास्तीची घेऊन, जेवणाआधी घरी परत आली होती.