रविवार नावाची माझी वैरीण

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. कागदावरची नव्हे, संगणकाच्या पोटातली. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात कणगीएवढा संगणक आला आणि भाजे गावच्या नंदाबाईंनी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून मला जन्म दिला. कामगारांची गाडी सकाळी जिथं थांबायची ती बारा गावं माझ्या पोटात होती: भाजे, औंढे, कुरवंडे आणि आणखी नऊ. माझं नाव ‘रोज’. माझ्यावाचून गाडीचं चाक हलत नसे, हे मी छताच्या पंख्यालासुद्धा ऐकवत असे.

एका शनिवारी साहेबांनी कामगारांच्या बायकापोरांना बाजाराला न्यायला रविवारची गाडी काढली. नंदाबाईंनी एका कार्डावर एवढंच घातलं: रविवार = रोज. झालं! माझ्या शेजारी नटवी येऊन बसली. सहा दिवस राबायचं मी आणि सुट्टीचं नाव तिला, बाजार तिला, वर माझी सगळी गावं आयती! मी जळून खाक झाले.

दुपारी हुकूम आला की रविवारी कुरवंड्याहून कुणी येत नाही, तिथला थांबा काढा. नंदाबाईंनी ‘रविवार’मधून कुरवंडे खोडलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली! तेवढ्यात माझ्याच पोटात खड्डा पडला. कुरवंडे माझ्यातूनही गेलं होतं. शेजारी कुणी नव्हतंच, मित्रांनो! संगणकाच्या त्या भाषेत ‘=’ या बरोबरच्या खुणेनं दुसरी यादी होत नसे, त्याच यादीला दुसरं नाव मिळे. मी माझ्याच नावावर जळत होते. पण माणसांना ऐकू जाईल असं ओरडायला यादीला तोंड कुठलं?

सोमवारी कोंडाजी ड्रायव्हर छापील कागद घेऊन निघाला. कागदात नसलेलं गाव त्याच्या लेखी पृथ्वीवरच नसे. कुरवंड्याच्या वाडीतला नवसू थांब्यावर ताटकळला. वाडीतून कारखान्यात लागलेला तो पहिलाच. नोकरीत पक्का व्हायला चार दिवस उरलेले, आणि तोवर एकदा उशीर झाला तरी नाव कापलं जाणार होतं. तो पळत आला तेव्हा भोंगा होऊन तास उलटला होता. मुकादम भिमाजीनं त्याला फाटकातच अडवलं.

“भाऊ, मी वक्ताला हुबा व्हतो. गाडीच आली न्हाई.”

“गाडी काय तुझ्यावर रुसली व्हय रं? जा घरी.”

गलका ऐकून नंदाबाई आल्या. कोंडाजीच्या हातातला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“भिमाजीभाऊ, चूक माजी हाय. नाव कापायचंच तर माजं कापा.”

भिमाजीनं कागद पाहिला, नवसूचे रक्ताळलेले पाय पाहिले आणि फाटक उघडलं.

त्याच दिवशी नंदाबाईंनी मला कुरवंडे परत दिलं आणि ‘रविवार’ची नवी यादी एकेक गाव हातानं भरून केली. मित्रांनो, तुम्हीही दुसरी यादी हवी असेल तर अशीच खपून करा. नुसतं नवं नाव दिलंत आणि एकीत खोडलंत, तर कुणाचं तरी गाव दोन्हीकडून जाईल.

आता माझ्या शेजारी खरीखुरी रविवार नांदते आहे. मला ती अजून बघवत नाही. पण तिची गावं अकरा, माझी बारा. कुरवंडे माझ्या एकटीचं आहे, आणि ते मी तिला दिवसातून दहादा ऐकवते.