एकच डोळा

"समोरून नाय कळत शेठ. वरून बघा," स्टुलावर चढून काचेच्या टाकीवर वाकलेले कुशाबा म्हणाले.

पोलादपूरला हमरस्त्यावरच्या आपल्या हॉटेलात शेठनी गिऱ्हाइकांना बघायला म्हणून समुद्रातले मासे ठेवले होते. डोंगरातल्या गावात खारं पाणी श्रीवर्धनहून एस.टी.च्या टपावरून कॅनमधून यायचं. एवढी हौस, पण मासे कळत होते ते कुशाबांनाच. मुंबईच्या मत्स्यालयात सव्वीस वर्षं नोकरी करून ते महाडला घरी परतले होते.

शेठनी वरून पाहिलं. पिवळ्या माशाचा डावा डोळा खोबणीतून पार बाहेर आला होता.

"मग पाण्यात औषध टाक की."

"दोन्ही सुजले असते तर पाण्याचा दोष. एकच हाय, म्हंजे मार." कुशाबांनी कोपऱ्यातल्या थोराड काळ्या माशाकडे बोट केलं. "मारणाऱ्याजवळ ठेवून औषध लागू पडत नाय. आधी ह्या पिवळ्याला भायेर काढायचा."

तासाभरात पिवळा मासा टबात वेगळा झाला. पाणी त्याच टाकीतलं, त्यात सूज उतरायला थोडं जुलाबाचं विलायती मीठ, वर अंधारासाठी गोणपाट. असल्या कामात कुशाबांनी कधी हयगय केली नव्हती.

तिथून ते मंजुळाकडे गेले. एकुलती एक लेक, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीत दिलेली. पडवीत जावई सदू कोयत्याला धार लावत बसला होता. "बसा," म्हणाला, पण मान वर केली नाही.

"डोळे आलेत तिचे. साथ हाय गावात," न विचारताच मंजुळाची सासू गोदूबाई म्हणाली.

मंजुळा चुलीपुढे भाकरी थापत होती. कुशाबा उभेच होते, म्हणून त्यांना वरून दिसलं. डावीकडे पदर ओढलेला आणि पदराखाली सूज. उजवा डोळा मात्र स्वच्छ होता.

"काय झालं गो?"

"लाकूड फोडताना ढलपी उडली, बाबा."

सासूची साथ आणि सुनेची ढलपी. कुशाबांना आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

निरोप द्यायला मंजुळा बांधापर्यंत आली. हळूच म्हणाली, "बाबा, मी येऊ तुमच्यासंगं?"

कुशाबांना महाडची आळी आठवली, दारादारांतून डोकावणाऱ्या बायका आठवल्या. "अशी सणावाराबिगर आलीस तर लोक काय म्हणतील? आठ दिवसांनी रीतसर न्यायला येतो."

माशाला तासाभरात वेगळा करणारा हा जाणता माणूस पोटच्या पोरीला आठ दिवसांचा वायदा करून निघाला. त्याच्या सव्वीस वर्षांना काय चाटायचंय?

आठ दिवसांनी ते गेले, तेव्हा डोळ्यात पू धरला होता. कुणालाही न विचारता त्यांनी मंजुळाला एस.टी.त बसवलं. महाडच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं.

"सूज उतरेल. नजर गेली. मार लागला त्याच दिवशी का नाही आणलंत?"



टबातला पिवळा मासा तोवर बरा झाला होता. शेठ आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "आमच्या कुशाबाचा हात लागला की डोळा वाचलाच." ते ऐकलं की कुशाबा उगाच टाकीची काच पुसू लागत.

मंजुळा माहेरीच राहिली. दिवसभर उंबऱ्याशी बसून असे. एकदा कुशाबा चहा घेऊन स्वयंपाकघरातून तिच्या डाव्या बाजूनं आले, तशी तिनं दचकून दोन्ही हात डोक्यावर धरले. चहा सांडला.

आंधळ्या बाजूनं माशाजवळही जायचं नसतं, हे त्यांनी मत्स्यालयात किती जणांना शिकवलं होतं.

त्या दिवसापासून ते कपबशी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडतात. गोठ्यावरून घराला सगळा वळसा घालून अंगणात येतात आणि तिच्या उजव्या बाजूला उभे राहतात. तोवर चहा निवलेला असतो. मंजुळा तो तसाच पिते.