कनवटीचं मीठ

इंग्रजीतल्या ‘वेअर’ या क्रियापदावर माझा जुना राग आहे. उरणच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते आणि दरवर्षी पोरांना सांगावं लागतं की सदरा, साडी, चष्मा, अंगठी, अगदी दाढीलासुद्धा हा एकच शब्द. आपण लुगडं नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, दागिने लेतो. त्या बापड्यांना सगळं एकाच खुंटीवर टांगायचं असतं. चपलेची टाच झिजली तरी तोच शब्द, कारण वापरून वापरून वस्तू झिजतेच. वर त्याचं मूळ आपल्या ‘वस्त्र’ शब्दाच्या गोतातलं. गोत एक असून एवढी काटकसर कशाला, देव जाणे.

पण इंग्रजांना नावं ठेवायची सोय आता आम्हाला राहिली नाही. माझी चुलत बहीण हेमाली, तिच्या हळदीला तिच्या आईने, केसरकाकीने, तयार शिवलेलं लुगडं आणलं. पाय घाला, चेन ओढा, झालं.

आमच्या घरात हळदीला नवरीला लुगडं आत्याने नेसवायचं असतं. नेसवताना कमरेच्या घडीत, कनवटीला, आमच्या मिठागरातला मिठाचा खडा खोचायचा. मिठागरावर बंदराचे कंटेनर उभे राहिले त्याला जमाना झाला, पण येसूआत्याने शेवटच्या राशीचं मीठ बरणीत जपलंय. माझ्या कनवटीलाही तिनेच खोचलं होतं. पोटच्या पोरी नाहीत तिला. भाचीला नेसवणं हाच तिचा मान.

तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ती न्हाऊन आली, मुठीत खडा, काखेत तिचं स्वतःचं हळदीचं लुगडं. घरातल्या सगळ्या पोरी त्याच लुगड्यात हळदीला बसलेल्या, म्हणून गाठीच्या जागी ते विरलेलं. पाहते तर नवरी तयार, पार्लरवाली पिना लावतेय. आत्या हेमालीच्या कमरेशी चाचपत राहिली. घडी होतीच कुठे? सगळं शिवून टाकलेलं.

काकी म्हणाली, खडा पर्समध्ये टाका, म्हणजे आत्याही खूश आणि फोटोवालाही खूश.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “काकी, चेनच ओढायची होती तर आत्याला बोलावलं कशाला? जेवायला?”

काकी काही वाईट बाई नाही. बँजो लागल्यावर पोर रात्रभर नाचणार, भर मांडवात लुगडं सुटलं तर अब्रू जाईल, ही तिची भीती. पण भीती वाटली म्हणून माणसाला न विचारता बाजूला सारायचं?

आत्याने मूठ मिटली. “र्‍हाऊं दे गो. पोर आवडीनं घालतंय, घालूं दे,” म्हणाली आणि दाराकडे वळली. तिच्या त्या समजूतदारपणाचा मला काकीपेक्षा जास्त राग आला. हिने एकदा तरी भांडावं की नाही?

हेमाली आरशासमोरून उठली. तिने चेन खाली ओढली, पिना तटातटा निघाल्या, पार्लरवाली बघतच राहिली. काकीने कपाळाला हात लावला.

“आत्या,” हेमाली म्हणाली, “दार आतून लाव. आनि तू मांडवातच बस. नाचताना सुटलं त पुन्हा नेसव.”