घडी न मोडलेली साडी

मित्रांनो, मी एक जुनी साडी आहे. जुनी म्हटल्यावर विटलेली, गोधडीत गेलेली असेन असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. डाळिंबी रंग, हिरवे काठ, पदरावर जरीचे मोर, सगळं अजून नव्यासारखं दिसतं. नवी साडी पहिल्यांदा नेसली की घडी मोडली म्हणतात. आठ वर्षांत माझी घडी कुणी मोडली नाही.

चौसाळ्यात रस्त्यालगत रामप्रसाद शेठचं कापडाचं दुकान आहे. तिथल्या फळीवर मी बसून असायची. शेठ म्हणायचे, माणसाचे दिवस कसे चाललेत ते त्याच्या पायांवरून कळतं. हात आखडला की लोक आधी जुन्या चपलेला टाके घालतात, मग कपडे घ्यायचं थांबवतात. तेल-मीठ सगळ्यात शेवटी कमी होतं.

सुभद्राबाई आल्या तेव्हा त्यांच्या चपलेला तारेचा टाका होता. त्या नुकत्याच ऊसतोडीहून परतल्या होत्या. त्यांनी मला दोनदा खाली ठेवलं आणि तिसऱ्यांदा छातीशी धरलं. लग्नानंतर स्वतःच्या पसंतीनं घेतलेली मी त्यांची पहिलीच साडी. तेव्हा माझा तोरा काय सांगू!

घडी दिवाळीला मोडायची ठरली होती. पण दिवाळीच्या आधीच मुकादमाची गाडी आली आणि मी त्यांच्याबरोबर ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोपीत म्हणजे झोपडीत गेले. तिथल्या गर्दीत अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी माझ्या काठाला आतून लाल दोऱ्याची गाठ मारली. परत आल्यावर उमापूरच्या नणंदेकडे लग्न निघालं. आहेराला नवी साडी घ्यायची ऐपत त्या वर्षी नव्हती. सुभद्राबाईंनी मलाच दिलं. गाठ सोडायची मात्र त्या विसरल्या.

पुढं नणंदेनंही मला आहेरात देऊन टाकलं आणि मी नात्यातल्याच धारूरच्या शांताबाईंकडे पोचले. "लई भारी हाय, ठिवून दे, आहेराला व्हईल," हे दोन्ही घरी ऐकलं. इतकं कौतुक, आणि लगेच पत्र्याच्या पेटीचं झाकण! पावसाळ्यात पेटीत ओल धरायची. मला मनापासून राग यायचा.

धारूरला अंगद नावाचे एक गृहस्थ कसल्याशा पाहणीसाठी आले. वर्षभरात घरात नवे कपडे, नव्या चपला किती आल्या, हे ते लिहून घ्यायचे. शांताबाईंनी लाजेखातर मला बाहेर काढलं. अंगदांनी लिहिलं, नवी साडी, एक. आदल्या वर्षी उमापुरातही त्यांनी मला असंच लिहिलं होतं. लोक कपड्यांवर खर्च करायला लागले म्हणजे दिवस बरे आले, असं म्हणत ते निघाले. शांताबाई तापलेल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या, ते त्यांना दिसलंच नाही. साहेब, मी तीच आहे हो, असं मला ओरडावंसं वाटलं.

या उन्हाळ्यात सुभद्राबाईंच्या लेकीचं, करिष्माचं लग्न ठरलं. नवरीच्या आईला आहेर म्हणून शांताबाईंनी लग्नाच्या सकाळीच मला आणलं. सुभद्राबाईंनी सहज काठ उलटला. लाल गाठ दिसली तशा त्या खालीच बसल्या.

"माय, ही तर माझीच हाय."

"मंग आज नेस की," करिष्मा म्हणाली. "आता कुणाला द्यायची न्हाई."

नेसायला दुसरी बरी साडी नव्हतीही. होत्या तेवढ्या आहेरात गेल्या होत्या. सुभद्राबाई आतल्या खोलीत गेल्या आणि अगदी हलक्या हातानं मला उलगडू लागल्या. आठ वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होते. पहिली घडी उलगडली आणि मी तिथंच चिरले. मग दुसरीवर, मग तिसरीवर. पेट्यांतल्या ओलीनं माझ्या घड्या आतून कधी विरल्या, ते मलाही कळलं नव्हतं.

सुभद्राबाईंनी मला पुन्हा त्याच घड्यांवर ठेवलं, उसाच्या पाचटानं ओरखडलेली रोजची साडी नेसली आणि लेकीवर अक्षता टाकायला बाहेर गेल्या. मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी पेटीत माझी एखादी बहीण असेल. तिला जपू नका. आजच आईला तिची घडी मोडायला सांगा. आणि घरात नवं काय काय आलं असं विचारत कुणी आलं, तर पेटी उघडू नका. त्यांना आईचे पाय दाखवा.