रेषेवरचा माणूस

"हा शेवटचा प्रश्न, मग तुम्ही सुटलात," संघटनेच्या कारकूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. "इतिहासातली एखादी क्रीडास्पर्धा प्रत्यक्ष बघायला मिळाली, तर कोणती बघाल? सगळ्या सत्कारमूर्तींना विचारतेय. स्मरणिकेत चौकटीत छापायचंय."

घड्याळजींनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि समोर उघडून ठेवलेल्या मनगटी घड्याळावर काचेची वाटी पालथी घातली. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेरच घ्यावा. भिंतीवर सतरा घड्याळं, आणि दुरुस्तीला आलेली असल्याने सतरांची मतं वेगवेगळी.

"बाकीच्यांनी काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"गोळाफेकवाल्या सरांनी पहिलं ऑलिंपिक सांगितलं. पोहण्याच्या मॅडमनी फुटबॉलचा कुठलासा जुना अंतिम सामना सांगितला, त्यांना पाण्याचा कंटाळा आला असणार. तुमचं मीच काहीतरी लिहून टाकू का?"

"आपल्या मैदानावरची आठशे मीटर," घड्याळजी म्हणाले. "मुलींची. बत्तीस वर्षांपूर्वीची."

बाई हसल्या. "अहो, तिथे तर तुम्ही होतातच की! त्या शर्यतीमुळेच तर सत्कार चाललाय तुमचा."

"होतो. पण मी ती बघितली नाही."

बाईंना हे विनयाचं बोलणं वाटलं. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, रविवारी सहाला वेळेवर या, असं एका घड्याळवाल्याला बजावलं आणि त्या गेल्या. घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एक साधा स्क्रू बसेना.

चाळीस वर्षं ते मैदानावर शर्यतींची वेळ घेत आले होते. पगार नाही, मानधन नाही, उन्हात उभं राहायचं आणि वर खेळाडूंच्या शिव्या खायच्या, असलं हे काम. त्याचे नियम मात्र कडक. सुरुवात करायची ती पिस्तुलाच्या धुरावर, कारण आवाज उशिरा पोचतो. मग बटणावर अंगठा ठेवून नजर शेवटच्या रेषेवर गाडायची. कोण पुढे आहे, कोण मागे पडलंय, कोण पडलंय, काही बघायचं नाही. बघितलं की अंगठा चुकतो. सगळं मैदान उभं राहून ओरडत असतं तेव्हा वेळ घेणारा माणूस जमिनीवरच्या चुन्याकडे बघत असतो. घड्याळजी या कामात वाकबगार होते.

आणि त्या दिवशी धावत होती त्यांची सख्खी धाकटी बहीण, छकू. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ही आठ वर्षांची. दादाने, म्हणजे घड्याळजींनीच, तिला वाढवलं. पहाटे ती पळायची आणि हा सायकलवरून बाजूने जायचा. सायकलवाल्याला धाप लागायची, तिला नाही. एकविसाव्या वर्षी ती अशी पळायला लागली की परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड होईल, असं लोक उघड बोलू लागले. अट एकच होती, दोन मिनिटं साडेसहा सेकंदांच्या आत यायचं. आपल्या भागातल्या कुठल्या मुलीला ते तोवर जमलं नव्हतं.

नात्यातल्या माणसाने वेळ घेऊ नये, हे दादालाही कळत होतं. पण वेळ घेणाऱ्या तिघांपैकी एक ऐनवेळी तापाने आडवा झाला आणि मुख्य पंचांनी घड्याळ याच्याच हातात ठेवलं. "तुझ्याइतका सरळ माणूस आहे कोण?" असंही म्हणाले. हे निवेदकाच्या कानावर गेलं आणि त्याने ते कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला ऐकवलं. "घड्याळावर तिचे बंधूराजच आहेत, तेव्हा वेळेची काळजी नको!" मैदान खो खो हसलं. दादाचे कान तापले. तेवढंच झालं होतं, लोक हसले होते.

शर्यत संपली तेव्हा तीन घड्याळं तीन वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. पहिल्यात दोन मिनिटं सहा पूर्णांक चार सेकंद, दुसऱ्यात सहा पूर्णांक आठ आणि दादाच्या घड्याळात सहा पूर्णांक सहा. नियमाने मधली वेळ धरायची. मधली दादाची. एका दशांशाने छकूची निवड हुकली.

त्यानंतर गावभर दादाचा बोलबाला झाला. सख्ख्या बहिणीलाही एका दशांशाची सूट दिली नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले, सांगता सांगता त्यांचेच डोळे भरून यायचे. दुकानात गिर्‍हाईक वाढलं. पुढे त्याच्या मुलीला बघायला आलेल्यांनीही तीच गोष्ट काढली. दर वेळी दादा मान खाली घालायचा आणि लोक म्हणायचे, बघा, किती साधा माणूस.

छकूने महिन्याभरात पळणं सोडलं.

रविवारी दुपारी घड्याळजी कोट घेऊन तिच्याकडे गेले. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं मशीनवर होती, आता घरीच शिवते. बाहेरच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि कापडाचे गठ्ठे. गुडघा दुखतो म्हणून एक उंच स्टूल. कोट पाठीत ढगळ झाला होता आणि बायकोने तो छकूकडेच न्यायला बजावलं होतं.

"वाळलास रे दादा," छकू त्याच्याभोवती फिरत म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. "वहिनी जेवायला घालते ना?"

"घालते. ऐकवतेही."

"हात वर. असा नाही, कुणी लुटायला आल्यासारखा नको, जरा सैल." तिने बगलेखाली खडूची रेघ ओढली. "आज भाषण करावं लागेल तुला. काय बोलणार आहेस?"

"छकू, तुझी वेळ सहा पूर्णांक चार होती."

तिची टाचणी कापडात अर्धी गेली होती, ती तिथेच राहिली. घड्याळजींना मागे वळून बघायचा धीर झाला नाही. समोरच्या भिंतीवर गणवेशांची मापं लिहिलेला कागद होता, त्याच्याकडे बघतच ते बोलत सुटले.

"अंगठा तयार होता माझा. तू रेषेला लागलीस ते मला स्वच्छ दिसलं. आणि मी दाबलं नाही. म्हटलं, जरा... लोक म्हणतील भावाने लवकर दाबलं. एवढंच मनात आलं. पापणी लवायच्या आत दाबलंच मी, पण तोवर झालं होतं. चूक नव्हती गं ती. चूक असती तर बरं झालं असतं. मला सरळ दिसायचं होतं."

मग छकूने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. ती स्टुलावर बसली.

"त्या दिवशी सरांनी हरकतीचा अर्ज लिहून आणला होता," ती म्हणाली. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक, आता हयात नाहीत. "तीन घड्याळांत इतका फरक कसा, म्हणून. समिती तयार होती. आठ दिवसांनी मला एकटीला पुन्हा पळायला देणार होते. सही माझी हवी होती."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"मीच नको म्हटलं होतं सांगायला. मी सही केली नाही. म्हटलं, सर, बाकीच्यांची घड्याळं चुकली असतील, पण मधलं माझ्या दादाचं आहे. त्यात जे आलं तेच मी पळाले." तिने गुडघा चोळला. "सर रडले होते, दादा. मी नव्हते रडले."

घड्याळजी पाठीवर टाचण्या घेऊन तसेच उभे राहिले. बत्तीस वर्षं त्यांनी एका क्षणाचा हिशेब मनाशी धरला होता. त्याच्यामागे आणखी आठ दिवस होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी ती त्यांच्यासमोर जेवायला बसली होती.

"आज सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले. "त्यांचं मानचिन्ह त्यांनाच परत देतो."

"त्यांना कशाला सांगतोस?" छकूचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पळायचं त्यांनी सोडलं का? तुझं मन हलकं करायला आता मैदान गोळा करणारेस?"

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस!"

तिने त्यांच्या अंगावरून कोट उतरवून घेतला, ओढूनच घेतला म्हणायचं, आणि मशीनपाशी जाऊन बसली. एक शिवण घातली, ती वाकडी गेली. उसवली. तिचं काम कधी उसवावं लागत नाही, हे घड्याळजींना माहीत होतं. ते बनियनवर खुर्चीत बसून राहिले. निघून जावं हे त्यांच्या मनात आलं, पण कोट तिच्याकडे होता.

"तुला माहितीये, मी तुझी शर्यत बघितलीच नाही," ते शेवटी म्हणाले. "नजर रेषेवर होती. कशी पळालीस, ते आजवर विचारायचं तोंड नव्हतं मला."

छकू मशीनवर वाकलेली होती. ती बोलली ते शिवणीकडेच बघत.

"पहिल्या फेरीत मी चौथी होते. मुद्दाम. आतल्या बाजूला कोंडले गेले, एकीचं कोपर लागलं इथे. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा मला वाटलं, अजून बरीच ताकद शिल्लक आहे, हे कुणाला माहीतच नाही. पलीकडच्या सरळ भागात दोघींना मागे टाकलं. वळणावर तिसरीला. मग पुढे कुणीच नव्हतं. मोकळं. तसं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही." तिने धागा तोडला. "शेवटच्या वीस-एक पावलांत डोळ्यांपुढे अंधारी आली. रेषा मला आठवतच नाही. कितीदा आठवून बघितली."

तिने मशीनवरून मान वर केली.

"तू होतास ना तिथे," ती म्हणाली. "तू सांग."

घड्याळजी खुर्चीत पुढे सरकले.

"तू डावीकडे झुकली होतीस जरा. वेणी सुटली होती. डोळे मिटलेले होते तुझे, आणि तोंड उघडं. छाती रेषेला लागली तेव्हा डावा पाय जमिनीवर होता, उजवा हवेत. मागची मुलगी नजरेत आलीच नव्हती अजून. एकटीच होतीस तू."

"आणि वेळ?"

"दोन मिनिटं सहा पूर्णांक चार."

छकूने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. कोट तिच्या मांडीवर अर्धा घसरला होता, तो तिने सावरला नाही.

"परत सांग," ती म्हणाली.

दादाने परत सांगितलं.